पाण्याऐवजी प्लास्टिक: रेडिओथेरपीतील जलसमतुल्य फॅन्टमविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेडिओथेरपी विभागात नव्याने रुजू झालेले फिजिसिस्ट, प्रशिक्षणार्थी, तंत्रज्ञ आणि कधी कधी रुग्णांचे नातेवाईकही स्लॅब फॅन्टमबद्दल (शरीराऐवजी किरणांसमोर ठेवून डोस मोजायच्या प्लास्टिकच्या पाट्यांबद्दल) जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत. चुका होतात त्या तिथेच, म्हणून ती मुद्दाम लांब ठेवली आहेत.

डोस मोजायला मुळात पाणीच का?

शरीरातील मऊ ऊतकांत वजनाने सर्वांत मोठा वाटा पाण्याचा असतो आणि उच्च ऊर्जेचे किरण स्नायूत आणि पाण्यात जवळपास सारखेच शोषले जातात. हे कारण पाठ्यपुस्तकात असते. माझ्या मते त्याहून मोठे कारण असे, की पाणी सगळीकडे एकच असते. वस्तुमानाने ११.२ टक्के हायड्रोजन, ८८.८ टक्के ऑक्सिजन, बस्स. त्याला बॅच नंबर नसतो, कारखाना नसतो, आत हवेचे बुडबुडे अडकून घट्ट होत नाहीत. नाशिकमध्ये मोजलेला डोस आणि व्हिएन्नात मोजलेला डोस एकमेकांशी ताडून पाहायचा तर मधला पदार्थ असाच हवा.

म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची टीआरएस-३९८ ही कार्यपद्धती (२००० साली आलेली, २०२४ मध्ये सुधारलेली) आणि अमेरिकेतील टीजी-५१ (१९९९) या दोन्ही 'पाण्यातील शोषित डोस' या राशीवर उभ्या आहेत. आपल्याकडे मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र ही राष्ट्रीय मानके सांभाळते. चेंबरच्या (डोस मोजणाऱ्या, आत हवेची पोकळी असलेल्या आयनीकरण कक्षाच्या) कॅलिब्रेशन प्रमाणपत्रावरचा गुणांक पाण्यासाठीचा असतो. तुम्ही तो चेंबर प्लास्टिकमध्ये घातला की प्रमाणपत्रावरचा आकडा आणि तुमचे वाचन यांच्यामध्ये एक पायरी वाढते. पुढची सगळी चर्चा त्या एका पायरीची आहे.

नळाचे पाणी चालते का?

मेगाव्होल्ट (उच्च ऊर्जेच्या) किरणांसाठी चालते. लिटरमागे काहीशे मिलिग्रॅम क्षार म्हणजे टक्क्याचा काही शतांश भाग. त्याने वाचन हलत नाही. टाकीच्या काचेसारख्या भिंतींवर आणि यांत्रिक भागांवर क्षारांचा थर बसू नये म्हणून शुद्ध केलेले पाणी वापरावे, एवढेच.

पाणी इतके चांगले असेल तर प्लास्टिक हवेच कशाला?

रोजच्या कामासाठी. स्कॅनिंगची मोठी टाकी भरायला दीड-दोनशे लिटर पाणी लागते. ती भरायची, समपातळीत आणायची, पाणी स्थिर होऊ द्यायचे, तापमान खोलीशी जुळू द्यायचे, आणि काम झाले की रिकामी करायची. सकाळी साडेआठला पहिला रुग्ण येणार असेल तर हे शक्य नाही. स्लॅब काढले, रचले, चेंबर घातला, वाचन घेतले, दहा मिनिटांत मशीन मोकळे. शिवाय गॅफक्रोमिक फिल्म, डायोडची जाळी, टीएलडी या डोस मोजण्याच्या इतर गोष्टी पाण्यात ठेवणे अवघड असते. दोन स्लॅबच्या मध्ये त्या सहज बसतात. आयएमआरटी आणि व्हीमॅट (किरणांची तीव्रता जागोजाग बदलणाऱ्या उपचारपद्धती) यांच्या प्रत्येक रुग्णाच्या प्लॅनची पडताळणी पाण्यात करायची ठरवली तर विभागच बंद पडेल.

'जलसमतुल्य' म्हणजे नक्की काय समान असते?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. स्लॅबवर छापलेल्या या शब्दाने अनेकांची समजूत अशी होते, की समतुल्यता हा त्या पदार्थाचा गुण आहे, रंगासारखा. तसे नाही. कोणत्या किरणांसाठी, किती ऊर्जेला, किती खोलीवर आणि कोणत्या मांडणीत, हे सांगितल्याशिवाय या शब्दाला अर्थ नाही.

किरण पदार्थाशी तीन मुख्य मार्गांनी भिडतात. साधारण १०० केव्हीच्या खूप खाली प्रकाशविद्युत परिणाम जोरात असतो आणि तो अणुक्रमांकाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढतो. मधल्या मोठ्या पट्ट्यात, म्हणजे कोबाल्ट-६० आणि ६ एमव्हीच्या लिनॅकच्या (किरण तयार करणाऱ्या रेषीय प्रवेगकाच्या) क्षेत्रात, कॉम्प्टन स्कॅटरचे राज्य असते. त्याला अणुक्रमांकाशी फारसे देणेघेणे नाही, दर घनसेंटिमीटरमध्ये किती इलेक्ट्रॉन आहेत एवढेच तो पाहतो. १५-१८ एमव्हीकडे गेलो की युग्मनिर्मितीचा (फोटॉनपासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी तयार होण्याचा) वाटा वाढतो आणि अणुक्रमांक पुन्हा थोडा डोके वर काढतो.

म्हणजे ६ एमव्हीसाठी इलेक्ट्रॉन घनता जुळली की बहुतेक काम झाले. ३० केव्हीसाठी प्रभावी अणुक्रमांक (पदार्थातील सर्व मूलद्रव्यांचा मिळून सरासरी धरलेला) जुळायलाच हवा. आणि इलेक्ट्रॉन बीमसाठी थांबवण्याची क्षमता आणि इलेक्ट्रॉन किती विखुरतात, या दोन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. तिन्ही ठिकाणी एकदम जुळणारे घन प्लास्टिक बनवणे कठीण आहे आणि म्हणूनच बाजारात इतकी वेगवेगळी नावे दिसतात.

अ‍ॅक्रिलिक, पॉलिस्टायरीन, सॉलिड वॉटर, आरडब्ल्यू-३... यांत फरक काय?

अ‍ॅक्रिलिक म्हणजे पीएमएमए. पर्स्पेक्स हे त्याचेच व्यापारी नाव. घनता १.१९ ग्रॅम प्रति घनसेंमी. वजनानुसार त्यात सुमारे ८ टक्के हायड्रोजन, ६० टक्के कार्बन आणि ३२ टक्के ऑक्सिजन असतो. पाण्याच्या तुलनेत इलेक्ट्रॉन घनता सुमारे १.१६, प्रभावी अणुक्रमांक ६.५ च्या आसपास (पाण्याचा ७.४). पारदर्शक, मजबूत, कुठेही मिळणारे, कारखान्यात हवे तसे कापून घेता येणारे. पाण्यासारखे ते नाही, पण ते काय आहे हे पक्के ठाऊक असते, आणि हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

पॉलिस्टायरीनची घनता १.०५ च्या जवळ, इलेक्ट्रॉन घनता पाण्याच्या दोन टक्क्यांच्या आत. पण त्यात ९२ टक्के कार्बन आहे, ऑक्सिजन शून्य, म्हणून प्रभावी अणुक्रमांक ५.७ पर्यंत उतरतो. मेगाव्होल्टला उत्तम, कमी ऊर्जेला अजिबात नाही.

या उणिवेवर तोड म्हणून प्लास्टिकमध्ये जड मूलद्रव्याची चिमूट मिसळायची ही जुनी युक्ती आहे. १९४९ च्या 'मिक्स डी'मध्ये पॅराफिन आणि पॉलिथिलीनबरोबर मॅग्नेशियम ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड होते. पुढे १९७० च्या दशकात लंडनमध्ये डेव्हिड व्हाइट आणि सहकाऱ्यांनी इपॉक्सी रेझिनवर आधारित ऊतकसदृश पदार्थांची मोठी मालिकाच तयार केली. तीत डब्ल्यूटी-१ हा पाण्यासाठीचा होता. १९८२ मध्ये कॉन्स्टँटिनू आणि सहकाऱ्यांनी मांडलेले सॉलिड वॉटर त्याच घराण्यातले: इपॉक्सी, त्यात कॅल्शियम कार्बोनेट, आणि घनता खाली आणण्यासाठी अतिसूक्ष्म पोकळ गोळ्या. आरडब्ल्यू-३ हे पांढरे पॉलिस्टायरीन असून त्यात सुमारे २ टक्के टायटॅनियम डायऑक्साइड असते; घनता १.०४५. या दोन्हींची इलेक्ट्रॉन घनता पाण्याच्या सुमारे १.०१ पट येते, म्हणजे मेगाव्होल्टला दहा सेंटिमीटर स्लॅब जवळपास दहा सेंटिमीटर पाण्याइतकाच.

आता आकडे बघा. क्षीणनाचा वस्तुमान गुणांक (दर ग्रॅम पदार्थामागे किरण किती कमी होतात त्याचे माप) १.२५ एमईव्हीला (कोबाल्टची सरासरी ऊर्जा) पाण्यासाठी ०.०६३२, पीएमएमएसाठी ०.०६१४ आणि पॉलिस्टायरीनसाठी ०.०६१२ चौरस सेंमी प्रति ग्रॅम. फरक तीन टक्क्यांच्या घरातला, आणि घनतेचा हिशेब धरला की तोही हाताळता येतो. ३० केईव्हीला हेच आकडे अनुक्रमे ०.३७६, ०.३०३ आणि ०.२६२ होतात. पॉलिस्टायरीन आता तीस टक्क्यांनी मागे पडले. पदार्थ तोच, स्लॅब तोच, फक्त ऊर्जा बदलली.

मग कमी ऊर्जेच्या ब्रॅकीथेरपी सीडसाठी (शरीरात किंवा शरीरालगत ठेवायच्या किरणोत्सारी कणांसाठी) सॉलिड वॉटर वापरावे का?

जपून. आयोडीन-१२५ चे फोटॉन सरासरी २८ केईव्हीचे असतात. भाभा केंद्राने डोळ्याच्या कर्करोगासाठी याच समस्थानिकाचे सीड भारतात बनवले, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी नाही.

सॉलिड वॉटरमध्ये कॅल्शियम वजनाने जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास असते. पण ३० केईव्हीला शुद्ध कॅल्शियमचा क्षीणन गुणांक पाण्याच्या दहापटीहून जास्त, चारच्या पुढे आहे. हिशेब केला तर स्लॅबमधील एकूण क्षीणनाचा साधारण चौथा हिस्सा त्या दोन टक्के कॅल्शियमचा निघतो. बॅचमध्ये कॅल्शियम टक्क्याच्या अंशानेही इकडेतिकडे झाले तर डोस काही टक्क्यांनी हलतो. मेगाव्होल्टला हाच बदल तुम्हाला दिसणारसुद्धा नाही. म्हणून अशा कामात त्या विशिष्ट स्लॅबचे रासायनिक विश्लेषण हातात हवे, किंवा पाण्यासाठी माँटे कार्लोने (संगणकावर कणांचे मार्ग यादृच्छिकपणे चालवून पाहण्याच्या पद्धतीने) काढलेले दुरुस्ती गुणांक हवेत, बहुधा दोन्ही. इरिडियम-१९२ ची सरासरी ऊर्जा ०.३८ एमईव्हीच्या आसपास असल्याने तिथे हा त्रास बराच निवळतो. तिथे मोठी चिंता वेगळीच असते: फॅन्टम पुरेसा मोठा आहे का, म्हणजे मागून आणि बाजूंनी येणारा स्कॅटर पूर्ण मिळतो का.

फोटॉन बीमसाठी प्लास्टिकची जाडी पाण्यात कशी बदलायची?

इलेक्ट्रॉन घनतेच्या गुणोत्तराने. पीएमएमएची ८.६५ सेंमी जाडी गुणिले १.१५६ म्हणजे १० सेंमी पाणी. इथवर सगळे बरोबर करतात. घोटाळा पुढे होतो.

समजा तुम्ही पृष्ठभाग स्रोतापासून १०० सेंमीवर ठेवला. पाण्यात १० सेंमी खोलीवरचा चेंबर स्रोतापासून ११० सेंमी दूर असतो. पीएमएमएमध्ये मात्र तो १०८.६५ सेंमीवर येतो. व्यस्त वर्गाच्या नियमाने तेवढ्यानेच वाचन २.५ टक्क्यांनी वाढते. प्लास्टिक निर्दोष असले तरी वाढते! मग कोणी म्हणतो मशीनचे आउटपुट चढले, कोणी म्हणतो स्लॅब खराब. उपाय साधा आहे: चेंबर आयसोसेंटरवर, म्हणजे १०० सेंमीवर पक्का ठेवा आणि प्लास्टिकची जाडी त्याच्यावर रचा. अंतर बदलत नाही, फक्त क्षीणन आणि स्कॅटर उरतो. सॉलिड वॉटर किंवा आरडब्ल्यू-३ मध्ये हा फरक फारच लहान असतो, म्हणून ते वापरणाऱ्यांना ही गोष्ट कधी लक्षातच येत नाही. आणि एक दिवस दुसऱ्या केंद्रात अ‍ॅक्रिलिक हाती आले की गोंधळ उडतो.

इलेक्ट्रॉन बीमला हेच चालेल?

नाही. तिथे दोन वेगळे गुणांक लागतात: एक खोलीसाठी, एक फ्लुअन्ससाठी (एखाद्या जागेतून किती कण जातात त्यासाठी). टीआरएस-३९८ च्या २००० च्या आवृत्तीत पीएमएमएसाठी खोलीचा गुणांक ०.९४१ आणि फ्लुअन्सचा १.००९ दिला आहे. पारदर्शक पॉलिस्टायरीनसाठी ०.९२२ आणि १.०२६, सॉलिड वॉटर आरएमआय-४५७ साठी ०.९४९ आणि १.००८. खोली ग्रॅम प्रति चौरस सेंमीमध्ये घ्यायची, हे विसरू नका. १.५ सेंमी पीएमएमए म्हणजे १.७८५ ग्रॅम प्रति चौरस सेंमी, त्याला ०.९४१ ने गुणले की १.६८ येते. तेवढ्या पाण्याची ती खोली.

दुसरी अडचण साठणाऱ्या भाराची. प्लास्टिक विद्युतरोधक आहे. बीममधील इलेक्ट्रॉन त्यात थांबले की तिथेच अडकून बसतात, आणि जाड ठोकळ्यात त्यांचे विद्युत क्षेत्र इतके वाढते की पुढून येणाऱ्या इलेक्ट्रॉनचे मार्ग चेंबरच्या पोकळीकडे वळू लागतात. १९८४ मध्ये गॅलब्रेथ, रॉलिन्सन आणि मन्रो यांनी हे नीट दाखवून दिले. म्हणून एकसंध जाड ठोकळा टाळा. दोन सेंटिमीटरपेक्षा जाड नसलेल्या पातळ पाट्या वापरा. आधी इलेक्ट्रॉनचे भरपूर एक्स्पोजर झालेल्या त्याच ठोकळ्यावर लगेच फोटॉनचे बारीक मोजमाप करायला घेऊ नका.

कार्यपद्धतीतही प्लास्टिकला मुभा फक्त कमी ऊर्जेच्या, साधारण १० एमईव्हीच्या आतल्या इलेक्ट्रॉन बीमसाठी आहे, आणि तीही जलरोधक चेंबर नसेल किंवा पाण्यात तो अचूक बसवता येत नसेल तर.

विभागात नवे स्लॅब आले आहेत. ते स्वीकारण्याआधी काय तपासू?

प्रमाणपत्रावर विसंबू नका, हे सर्वांत आधी. प्लास्टिक फॅन्टममुळे येणाऱ्या तफावतींची मुख्य कारणे म्हणजे वेगवेगळ्या बॅचमधील घनतेचा फरक आणि खोली व डोस प्लास्टिकवरून पाण्यात बदलण्याच्या पद्धतींची अंदाजेपणा, आणि म्हणून छापील घनता न घेता हातातल्या बॅचची घनता मोजावी, असे टीआरएस-३९८ स्पष्ट सांगते.

घनता मोजायला वजनकाटा आणि मायक्रोमीटर पुरे. ३० बाय ३० बाय १ सेंमीचा स्लॅब ९०० घनसेंमीचा, घनता १.०४५ असेल तर वजन साधारण ९४० ग्रॅम भरले पाहिजे. लांबी-रुंदीत अर्धा मिलिमीटर चुकला तर फार बिघडत नाही, पण १० मिलिमीटरच्या जाडीत ०.१ मिलिमीटरची चूक म्हणजे थेट एक टक्का. म्हणून जाडी चार कोपऱ्यांत आणि जमेल तितकी आतल्या बाजूला घ्या. व्हर्निअरचे जबडे फक्त कडेपर्यंत पोचतात आणि काही स्लॅब मध्यभागी किंचित फुगीर असतात. दहा स्लॅब एकावर एक रचून एकूण उंची पाहिली की ते लगेच कळते: बेरीज १०० मिलिमीटर यायला हवी होती आणि १०१ भरत असेल तर मध्ये हवा आहे किंवा जाडी जास्त आहे.

मग सगळा गठ्ठा सीटीवर घ्या. आतले बुडबुडे, पोकळ गोळ्यांची असमान वाटणी, एखाद्या स्लॅबचा वेगळाच हौन्सफील्ड आकडा (सीटीवर दिसणारा क्षीणनाचा अंक), हे सगळे पडद्यावर दिसते. प्रत्येक स्लॅबच्या पाच जागी सरासरी आकडा नोंदवा. चेंबरसाठी भोक पाडलेला स्लॅब नीट निरखून पाहा, कारण तो वेगळ्या दिवशी, वेगळ्या ओतकामातून आलेला असू शकतो. चेंबरभोवती राहणारी फटही बघा. सैल भोक म्हणजे चेंबरभोवती हवेची नळी.

यानंतरची पायरी पुष्कळ ठिकाणी गाळली जाते आणि माझा सगळा आग्रह तिच्यासाठीच आहे. त्याच दिवशी, त्याच मशीनवर, त्याच चेंबरने पाण्यात आणि स्लॅबमध्ये शेजारी-शेजारी मोजमाप करा. चेंबर आयसोसेंटरवर, क्षेत्र १० बाय १० सेंमी, खोली ५, १० आणि २० सेंमी. विभागात जितक्या फोटॉन ऊर्जा आहेत त्या सगळ्यांसाठी. मशीनचे आउटपुट दिवसभरात थोडे सरकते, म्हणून आधी पाणी, मग स्लॅब, मग पुन्हा पाणी असा क्रम ठेवा. शक्य असेल तर बीमच्या कडेला दुसरा चेंबर संदर्भासाठी लावा. पाण्याचे वाचन भागिले स्लॅबचे वाचन, हा जो आकडा येईल तो तुमच्या स्लॅबचा, तुमच्या बीमचा आणि तुमच्या मांडणीचा गुणांक. तो १.००० येईल असा हट्ट धरू नका. ०.९९४ आला आणि तीन वेळा तोच आला, तर तो वापरण्याजोगा आकडा आहे. स्लॅबचा क्रम उलटापालटा करून तो बदलतो का तेही पाहा. बदलला तर गठ्ठ्यात एखादा स्लॅब वेगळा आहे.

मागे आणि बाजूंना पुरेसे प्लास्टिक ठेवायला विसरू नका: क्षेत्राच्या कडेपलीकडे चारही बाजूंना किमान ५ सेंमी, आणि चेंबरच्या खाली किमान ५ ग्रॅम प्रति चौरस सेंमी.

किती फरक मान्य करावा?

६ एमव्हीला १० सेंमी खोलीच्या आसपास डोस दर सेंटिमीटरला साधारण चार टक्क्यांनी घटतो. इलेक्ट्रॉन घनतेत १.५ टक्के चूक असेल तर १० सेंमी गठ्ठ्यात ती १.५ मिलिमीटर पाण्याइतकी, म्हणजे डोसमध्ये ०.६ टक्के. या हिशेबाने, मेगाव्होल्टला पाणी आणि स्लॅब यांत एक टक्क्यापर्यंत फरक समजण्यासारखा आहे, तो स्थिर असला आणि नोंदवलेला असला तर. दोन टक्के दिसले तर मांडणी, तापमान आणि जाडी पुन्हा तपासा, कारण मशीनच्या मासिक आउटपुट तपासणीची मर्यादाच अमेरिकेतील टीजी-१४२ अहवालानुसार दोन टक्के आहे. मोजपट्टीतच तेवढी तूट असेल तर मशीनबद्दल काहीही सांगता येणार नाही. रुग्णाला मिळणाऱ्या एकूण डोसमध्ये ५ टक्क्यांच्या आत अचूकता हवी, ही आयसीआरयू या किरण-मापनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची १९७६ पासूनची अपेक्षा. त्यातला मोठा घास फॅन्टमने खाऊन चालणार नाही.

स्लॅबमध्ये तापमान कोणते धरायचे?

चेंबरच्या पोकळीतील हवेचे. खोलीचे नव्हे. प्लास्टिक उष्णता फार हळू सोडते. कपाटात २८ अंशांवर असलेला गठ्ठा २३ अंशांच्या एसी खोलीत आणला तर आतला भाग खूप वेळ गरमच राहतो. दर अंशाला वाचन ०.३४ टक्क्यांनी बदलते, म्हणजे तीन अंशांची चूक एक टक्क्याची. स्लॅब आदल्या रात्रीच ट्रीटमेंट रूममध्ये ठेवा आणि शक्य असेल तर तापमापकासाठी एक बारीक भोक करून घ्या.

दाबाचेही तसेच. पुण्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. संदर्भ दाब १०१.३२५. एवढ्यानेच दुरुस्ती साडेसहा-सात टक्क्यांची होते. हवामान खात्याच्या संकेतस्थळावरचा आकडा बहुधा समुद्रसपाटीला आणलेला असतो, तो घेतलात तर सगळी दुरुस्तीच हरवते. स्वतःचा बॅरोमीटर ठेवा.

स्लॅबमध्येच मशीनचे मूळ कॅलिब्रेशन केले तर काय बिघडते?

मूळ कॅलिब्रेशन पाण्यातच. फोटॉन बीमसाठी कार्यपद्धती प्लास्टिकला परवानगी देत नाही आणि मला ते योग्य वाटते. स्लॅबचा गुणांक पाण्याशी तुलना करूनच मिळतो. पाण्यात न मोजता स्लॅबवरून थेट डोस सांगायचा म्हणजे बनवणाऱ्याच्या शब्दावर सगळे रुग्ण सोपवणे. लहान टाकी, एक जलरोधक चेंबर आणि अर्धा दिवस, एवढेच लागते. भाभाट्रॉनसारख्या कोबाल्ट मशीनवरही हेच. स्रोताचे अर्धायुष्य ५.२७ वर्षांचे असल्याने महिन्याला साधारण १.१ टक्के घट ठरलेलीच असते, आणि मोजलेले आउटपुट त्या रेषेवर बसते का हे पाहिले की फॅन्टमचीही आपोआप परीक्षा होते.

वर सांगितलेल्या कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉन बीमशिवाय अपवाद एकच सांगतो: १०० केव्हीच्या आतल्या कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांसाठी प्लास्टिक फॅन्टम मान्य आहे, कारण तिथे चेंबर पृष्ठभागाशीच ठेवायचा असतो आणि पाण्यात ते नीट जमत नाही.

पाण्याच्या टाकीत चुका होत नाहीत का?

होतात. पृष्ठभाग शोधताना चेंबरभोवती पाणी वर चढते आणि शून्य बिंदू चुकतो. एसी चालू असताना दिवसभराच्या स्कॅनमध्ये पाणी बाष्प होऊन पातळी खाली जाते. आडव्या बीमला टाकीच्या भिंतीची जाडी पाण्यात बदलून धरायची राहून जाते. पाणी हा आदर्श पदार्थ आहे. पाण्यातले मोजमाप आपोआप आदर्श होत नाही.

टीपीएसमध्ये (उपचार आखणाऱ्या संगणक प्रणालीत) स्लॅबचा सीटी घेऊन प्लॅन केला, तर मोजलेला डोस जुळत नाही. का?

बहुतेक वेळा सीटीचा आकडा आणि इलेक्ट्रॉन घनता यांच्या आलेखामुळे. तो आलेख ऊतकांसाठी आखलेला असतो: चरबी, स्नायू, हाड. सीटीची प्रभावी ऊर्जा साठ-सत्तर केईव्हीच्या घरात, जिथे प्रकाशविद्युत परिणाम अजून जिवंत असतो. अ‍ॅक्रिलिकचा अणुक्रमांक कमी, म्हणून त्याचा हौन्सफील्ड आकडा १२० च्या आसपासच दिसतो, आणि आलेख त्याला १.१ च्या जवळची घनता देतो, जेव्हा खरी १.१६ आहे. टायटॅनियम किंवा कॅल्शियम घातलेल्या प्लास्टिकमध्ये चूक उलट्या दिशेनेही जाऊ शकते. म्हणून फॅन्टमची बाह्यरेषा काढून तिला मोजलेली घनता हाताने द्या. आणि ती घनता प्लॅन जुळावा म्हणून वळवू नका. तसे केले तर पडताळणीला काही अर्थ उरत नाही.

मेण, तांदळाच्या पिशव्या, थ्रीडी प्रिंट... हे वापरता येतील?

बोलस (त्वचेवर ठेवायचा ऊतकसदृश थर) म्हणून, हो. मेणाची इलेक्ट्रॉन घनता पाण्याहून चार-पाच टक्क्यांनीच कमी असते, आणि हातापायांच्या वळणांवर ते सुरेख बसते. तांदळाच्या दाण्यांमध्ये हवा असते, त्यामुळे पिशवी किती दाबली यावर घनता बदलते. जागा भरून काढण्यापुरते ठीक, मोजमापासाठी नाही. थ्रीडी प्रिंटचे पीएलए शंभर टक्के भरीव छापले तर घनता १.२४ आणि इलेक्ट्रॉन घनता सुमारे १.१८, एबीएस पाण्याच्या बरेच जवळ. पण प्रिंटरने सांगितलेला भरीवपणा आणि प्रत्यक्षातला यांत फरक पडतो, आणि थरांच्या दिशेनेही. प्रत्येक छापील वस्तू सीटीवर घेतल्याशिवाय रुग्णावर ठेवू नये.

प्रोटॉनसाठी जुने स्लॅब चालतील का?

खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये प्रोटॉन उपचार सुरू झाल्यापासून हा प्रश्न वाढला आहे. प्रोटॉनला इलेक्ट्रॉन घनतेबरोबर थांबवण्याची सापेक्ष क्षमताही पाहावी लागते. अ‍ॅक्रिलिकची ती साधारण १.१६. म्हणून स्लॅबची जलसमतुल्य जाडी रेंज मोजूनच ठरवायची: ब्रॅग शिखर (प्रोटॉन थांबताना सर्वाधिक डोस देतात ती जागा) स्लॅबशिवाय कुठे आणि स्लॅब घालून कुठे, यातले अंतर म्हणजे उत्तर. त्यापुढे केंद्रकीय आंतरक्रियांमुळे फ्लुअन्समध्ये थोडा फरक राहतो. कार्बनबहुल प्लास्टिक आणि ऑक्सिजनबहुल पाणी इथे वेगळे वागतात, आणि खोली वाढेल तसा तो फरक साठत जातो. फोटॉनसाठी काढलेला गुणांक इथे लावू नका.

माझ्या वडिलांच्या उपचाराआधी मशीनवर प्लास्टिकचे ठोकळे ठेवून 'ट्रायल' घेतली म्हणाले. म्हणजे काय?

काळजीचे कारण नाही. तुमच्या वडिलांसाठी संगणकावर आखलेला प्लॅन आधी ठोकळ्यांवर जसाच्या तसा चालवतात आणि आतल्या मोजयंत्राने दाखवलेला डोस आखलेल्या डोसशी जुळतो का ते पाहतात. जुळला की मगच उपचार. त्यासाठी एक दिवस जास्त लागला तर तो वाया गेलेला नाही. विभागातल्या मेडिकल फिजिसिस्टना याबद्दल विचारा. ते सांगतील, आणि विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

स्लॅबची निगा कशी राखायची?

आडवे, सपाट ठेवा. उभे टेकवले की ते वाकतात. ऊन आणि अल्कोहोल टाळा, अ‍ॅक्रिलिकला स्पिरिटने बारीक तडे जातात. प्रत्येक स्लॅबला क्रमांक आणि वर-खाली दाखवणारी खूण करा, आणि गुणांक काढताना ज्या क्रमाने रचले त्याच क्रमाने रोज रचा. पडून कोपरा तुटला तर तो स्लॅब गठ्ठ्यातून बाहेर. वर्षातून एकदा, वार्षिक कॅलिब्रेशनसाठी टाकी भरलेलीच असते तेव्हा, पाणी आणि स्लॅब यांची तुलना पुन्हा करा आणि आकडा मागच्या वर्षीच्या शेजारी लिहा. नवा चेंबर आला, मशीनचा बीम बदलला किंवा भोकाचा स्लॅब बदलला, तर वर्ष संपायची वाट न पाहता तेव्हाच करा.